वॉटर स्कूटरचं इंजिन पुन्हा पुन्हा तापतंय? आधी पाण्याची वाट तपासा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बामणोलीच्या बाजूनं, पर्यटकांना वॉटर स्कूटरवर फिरवणाऱ्या तात्यांचा फोन आला. "मिस्त्री, परत बोंबलायला लागलंय बगा. ही तिसरी खेप." मागून बीप-बीप-बीप असा आवाज येत होता आणि कुणीतरी पोरगं "बंद कर, बंद कर" म्हणून ओरडत होतं. पाच आठवड्यांत त्याच वॉटर स्कूटरसाठी आलेला तो तिसरा फोन.

पहिल्या खेपेला तात्यांनी स्कूटर ट्रॉलीवर घालून शहरात नेली होती. तिथं टेंपरेचरचा सेन्सर बदलून मिळाला, पैसेही बरेच गेले. दहा दिवस चालली. दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेलो. पाणी आत ओढायच्या खालच्या जाळीत अडकलेलं गवत आणि नायलॉनच्या दोरीचा तुकडा काढला, पाण्याची धार चांगली पडायला लागली, चहा घेतला आणि परत आलो. तेरा दिवस चालली. दोन्ही वेळा बिघाड सापडला असं वाटलं, आणि दोन्ही वेळा तो सापडला नव्हता.

माझं सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात इंजिन दुरुस्तीचं काम आहे. पावसाळा संपला की कोयनेच्या बॅकवॉटरवरच्या, म्हणजे शिवसागरावरच्या बोटींची कामं माझ्याकडे येतात. आता वॉटर स्कूटरही वाढल्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं, पर्यटकांची गर्दी असते, स्कूटर दिवसभर पळतात, तरी "तापतंय" म्हणून फोन क्वचितच येतो. फेब्रुवारी सरला की मात्र सुरू. या फरकातच अर्धं उत्तर होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला तात्यांची तिसरी खेप लागली. दुसऱ्या कुणाचा सीझन असा वाया जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

शब्दांचा घोळ नको म्हणून सांगतो. जेट स्की हे खरं तर कावासाकीच्या मशीनचं नाव. यामाहाची ती वेव्हरनर, आणि सी-डू तिसरी. आपल्याकडे सगळ्यांनाच वॉटर स्कूटर म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

अलार्म वाजला त्या क्षणी

दुरुस्तीचं नंतर बघू. आधी हे, कारण इंजिन वाचतं किंवा बसतं ते या दोन मिनिटांत.

थ्रॉटल, म्हणजे वेगाची कळ, सोडा. "काठापर्यंत तरी नेतो" म्हणून ताणू नका. असं ताणून आणलेली दोन इंजिनं मी उघडलीत. एकाचा हेड वाकला होता, दुसऱ्याचा पिस्टन सिलिंडरला घासून बसला होता. दोन्हींचा खर्च मूळ बिघाडाच्या कितीतरी पट झाला.

ज्या मॉडेलला बॉडीच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडते, तिच्याकडे नजर टाका. धार नसेल किंवा नुसती ठिबकत असेल तर इंजिन लगेच बंद करा. सगळ्याच मॉडेलना बाहेर दिसणारी धार नसते, आणि काहींची अगदी हळू चालताना पडत नाही. म्हणून आपल्या स्कूटरची धार चांगल्या दिवसात कशी दिसते ते प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत असायला हवं. मी तर पोरांना सांगतो, रोज सकाळी पहिल्या फेरीला मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढून ठेवा. महिन्याभरानं धार बारीक झाली का, हा प्रश्न आठवणीवर सोडायचा नाही.

खाली जाळीत काही अडकलंय का ते बघायचं तर इंजिन बंद पाहिजे आणि मनगटाला बांधलेली ती दोरीची क्लिप स्विचवरून काढलेली पाहिजे. इंजिन चालू असताना त्या जाळीजवळ हात, केस, ओढणी, लाईफ जॅकेटचा लोंबता पट्टा, काहीही नेऊ नका. पंपाची ओढ काय असते हे ज्यानं एकदा पाहिलंय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

तापलेल्या इंजिनवर बादलीनं गार पाणी ओतू नका. तापलेली ॲल्युमिनियमची बॉडी एकदम गार पडली की तडकते किंवा वाकते. काठाला आल्यावर सीट उचलून ठेवा, पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्या, आपोआप निवू द्या. सीट उचलताच जळक्या रबराचा वास आला तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या वाटेच्या, रबरी नळ्या आतून वाहणाऱ्या पाण्यावरच टिकून असतात. पाणी थांबलं की त्या भाजतात, आणि भाजलेल्या नळीतून बोटीच्या पोटात पाणी शिरतं.

ओढून आणायची वेळ आली तर हळू. ताशी ८ किलोमीटरच्या वर नको, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडं जास्त. जोरात ओढलं की पंपातून पाणी आत ढकललं जातं, इंजिन बंद असल्यानं ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा दाब नसतो, आणि पाणी थेट सिलिंडरपर्यंत पोचू शकतं. पंपाकडून येणारी थंड पाण्याची नळी चिमट्यानं आवळता आली तर आवळून मगच ओढा, आणि पुन्हा चालू करण्याआधी चिमटा काढायला विसरू नका.

पाणी जातं कुठून

मोटारीला रेडिएटर आणि पंखा असतो, कारण तिच्याभोवती हवाच असते. स्कूटरच्या भोवती सगळीकडे पाणी आहे, म्हणून तेच वापरतात. यामाहा, कावासाकीसारख्या बहुतेक मशीनमध्ये रचना साधी आहे. मागचा इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, स्कूटरला पुढं ढकलायला पाणी जोरात मागं फेकतो. त्या दाबातल्या पाण्यातलं थोडं पाणी पंपाच्या घरातल्या एका लहान भोकातून नळीत घेतलं जातं, इंजिनभोवती आणि एक्झॉस्टभोवती फिरतं, आणि बाहेर पडतं. फिरण्याचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो. वेगळा वॉटर पंप नाही. ढकलणारा पंप तोच थंड करणारा.

ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली की निम्मं निदान होतं. पंपाचा दाब कमी झाला की स्कूटर मंद होते आणि तापतेही. दोन्ही तक्रारी एकदम आल्या तर इंजिन उघडू नका, मागं पंपाकडे जा.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सी-डूच्या फोर-स्ट्रोक मशीनमध्ये, इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फिरतं आणि ते बोटीच्या तळाला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून जातं. तिला राईड प्लेट म्हणतात. प्लेटच्या खालून तलावाचं पाणी वाहतं, त्यानं कूलंट गार होतं. फायदा असा की खारं किंवा गढूळ पाणी इंजिनाच्या आत जात नाही. पण एक्झॉस्टला थंड करायला यातही पंपाचंच बाहेरचं पाणी लागतं, हे लोक विसरतात. "आपली कूलंटवाली आहे, जाळी बघायची गरज नाही" हे मी दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा जाळीतच पिशवी होती.

कूलंटवाल्या मशीनचं थोडक्यात सांगतो. इंजिन पूर्ण गार असताना टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर गळती शोधा, नुसतं भरत राहू नका. भरायचं ते कंपनीनं सांगितलेलं कूलंट, मिसळायचं तर डिस्टिल्ड पाण्यात, तलावाच्या किंवा बोअरच्या पाण्यात नाही. कूलंट बदलल्यानंतर लगेच तापायला लागलं असेल तर आत हवा अडकली असण्याची शक्यता मोठी, ती काढून टाकावी लागते. टाकीत सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. आणि अशी स्कूटर ट्रॉलीवर दोन मिनिटांच्या वर चालवू नका. पाईप लावलेला असला तरी तळाची प्लेट हवेतच असते आणि शाफ्टच्या सीललाही पाणी मिळत नसतं.

तात्यांची स्कूटर पहिल्या प्रकारची होती. सेकंडहँड, मालवणच्या बाजूनं आणलेली. हे "मालवण" पुढं महत्त्वाचं ठरलं.

केव्हा तापतं ते आधी विचारा

पाना हातात घ्यायच्या आधी मी आता पाच प्रश्न विचारतो, आणि पहिले चार वेळेबद्दलचे असतात.

सुरू केल्याबरोबर मिनिटभरात अलार्म वाजतो का? तर एक तर पाणी अजिबातच येत नाही, नाही तर सेन्सरची वायर किंवा पिन खराब आहे. गार इंजिन एका मिनिटात उकळायला लागत नाही.

दोन पर्यटक उतरले, दोन चढले, तेवढ्यात इंजिन तीन-चार मिनिटं बंद होतं, पुन्हा चालू केल्यावर बीप झालं आणि अर्ध्या मिनिटात थांबलं? हा बिघाड नाही. जोरात पळून आलेलं इंजिन बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि धातूतली उष्णता तिथंच कोंडते. स्वयंपाकघरात गॅस बंद केल्यावरही कुकरची शिट्टी होते, तसं. जोरात पळवून आल्यावर लगेच बंद न करता काठाजवळ पुरेशा पाण्यात अर्धा-एक मिनिट हळू चालू द्या, हे बीप बंद होईल.

हळू चालताना तापतं आणि पळवल्यावर निवतं? पंपाचा दाब काठावर आलाय. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, पुरत नाही, जास्तीला कसाबसा पुरतो. किंवा आतली वाट थोडी तुंबलीय.

उलट, हळू चालताना ठीक, आणि पळवलं की दहा-बारा मिनिटांत तापतं? इंजिनला लागतं तेवढं पाणी वाटेत कुठेतरी अडतंय. तात्यांचं हेच होतं.

आणि पाचवा: आरपीएम चढतं पण स्कूटर पळत नाही, असं वाटतं का? तात्यांच्या पोराला मी विचारलं तर तो म्हणाला, "व्हय, मोटरसायकलची क्लचप्लेट गेल्यावर कसं व्हतं, तसं. पण लई नाय, थोडं." हे त्यानं आधीच्या दोन्ही खेपेला कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

पाईपची चाचणी

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोष पंपात आहे की इंजिनाच्या आत, हे यातून दहा मिनिटांत कळतं आणि काहीही उघडावं लागत नाही.

बहुतेक स्कूटरना गोड्या पाण्यानं धुण्यासाठी पाईप लावायची जागा असते. तिथं बागेचा पाईप लावा. तात्यांच्या घरी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना पाणी देणारा पाईप होता, तोच घेतला. पाण्याचा दाब घरच्या नळाइतका हवा, शेतीच्या मोटारीचा थेट दाब देऊ नका.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर बंद इंजिनात पाणी साठतं आणि एक्झॉस्टमधून मागं सिलिंडरमध्ये जातं. पाण्याशिवाय इंजिन १५ सेकंदांच्या वर चालू ठेवू नका, म्हणून एक माणूस नळाशीच उभा पाहिजे. पाणी बंद केल्यावर त्या १५ सेकंदांतच एक-दोनदा हलका थ्रॉटल द्या, आत उरलेलं पाणी उडून जाईल. आणि हे उघड्यावर करा. बंद शेडमध्ये एक्झॉस्टचा धूर जीव घेतो.

आता बघा. पाईप लावल्यावर धार जोरात पडते, इंजिन तीन मिनिटं गार राहतं, पण तलावात तापतं? मग इंजिनाच्या आतली वाट मोकळी आहे, दोष मागं पंपात, जाळीत किंवा पंपापासून येणाऱ्या नळीत आहे. पाईप लावूनही धार बारीकच? मग वाट आत तुंबलीय.

तात्यांच्या स्कूटरची धार पाईपावर मधलीच पडली. जोरात नाही, अगदी बारीकही नाही. म्हणजे दोन्हीकडे काहीतरी होतं. असं उत्तर आलं की माणूस चिडतो, पण ते खरं उत्तर असतं, आणि "एक गोष्ट सापडली, झालं" म्हणून मी मागच्या खेपेला जी चूक केली ती यानं टळली.

पंप

स्कूटर ट्रॉलीवर घेतली, क्लिप आणि बॅटरीची वायर काढली, जाळी उतरवली. टॉर्च लावून आत नजर टाकली. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा पुढून मऊ झालेल्या, वापरलेल्या विळ्यासारख्या. एका पात्याला दगडाचा दात. इम्पेलर ज्या कड्यात फिरतो, ती वेअर रिंग. तिच्यावर नखाला लागतील अशा गोल रेघा सगळीकडून.

पातं आणि रिंग यांच्यातली फट हा पंपाचा सगळा जीव. नव्या पंपात ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून चारही बाजूंनी मोजा आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. फट वाढली की पाणी मागं जायच्या ऐवजी पात्याच्या कडेवरून परत पुढं घसरतं. इंजिन जोरात फिरतं, ढकल मिळत नाही आणि थंड करणाऱ्या भोकात दाब पोचत नाही. पोराला वाटलेली क्लचप्लेट ती हीच.

त्यानंतर ते भोक. पंपाच्या घरात असतं, मॉडेलप्रमाणे त्याला बारीक जाळीही असते. तांब्याची मऊ तार घालून बघितलं तर जेमतेम अर्धी आत गेली. बाहेर आली ती टोकाला तांबडा चिखल घेऊन.

आत

मग नळ्या. बाहेरून हात लावून नळी कळत नाही, क्लिप सोडून काढावीच लागते. जुन्या नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो. हळू वाहताना पाणी जातं, जोर वाढला की तो थर उघडून वाट बंद करतो. बाहेरून नळी नव्यासारखी. म्हणून प्रत्येक नळीतून उजेडाकडे बघायचं आणि तोंडानं फुंकायचं. तात्यांच्या नळ्या चांगल्या निघाल्या. तरी क्लिपा गंजल्या होत्या त्या बदलल्या.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या भागावर, जाणारी नळी सोडली आणि तिच्या तोंडाशी बोट घातलं तर काहीतरी कडक लागलं. स्क्रूड्रायव्हरनं हलकेच खरवडलं. गोळा बाहेर आला, कंदी पेढ्याएवढा. वरून तांबडा, मोडल्यावर आत पांढरा. जिभेला लावून बघितला. खारट.

मालवणातलं मीठ होतं ते. समुद्रात चालवलेली स्कूटर रोज गोड्या पाण्यानं धुतली नाही की खारं पाणी आत सुकतं आणि मिठाचा थर धरतो. तेवढ्यावर ती कदाचित अजून वर्षभर चालली असती. पण त्या खडबडीत थरावर आमच्या खोऱ्यातली बारीक तांबडी माती बसली, रोज तापली, रोज भाजली, आणि विटेसारखी झाली. सेन्सर बिचारा खरं सांगत होता.

साफ करताना एकच विनंती आहे. बाथरूम धुवायचं ॲसिड वापरू नका. काठावरचे दोघं-तिघं हा सल्ला हमखास देतात. ते ॲसिड ॲल्युमिनियम खातं, मीठ निघेल आणि भिंतही जाईल. बोटींच्या इंजिनासाठी मीठ-क्षार काढायचं औषध मिळतं, ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे पातळ करून फिरवा आणि मग भरपूर गोडं पाणी सोडा. कडक गोळे असतील तर मॅनिफोल्ड उतरवून लाकडाच्या काडीनं काढा, आणि परत बसवताना नवी गॅस्केट टाका. आम्हाला यात दीड दिवस गेला.

सेन्सरची खात्री करायची असेल तर तो काढून गरम पाण्याच्या भांड्यात धरा आणि मल्टिमीटर लावा. बहुतेक सेन्सरचा रेझिस्टन्स पाणी तापेल तसा एकसारखा उतरत जातो. काही जुन्या मॉडेलना नुसता चालू-बंद स्विच असतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते केलं असतं तर तात्यांचे पहिल्या खेपेचे पैसे वाचले असते. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप, असेल तर तोही त्याच भांड्यात टाकून उघडतो का ते बघून घ्या.

वेअर रिंग नवी टाकली, इम्पेलर घासून-बॅलन्स करून घेतला, सगळं जोडलं. पाईपावर धार अशी पडली की तात्यांचा नातू तिच्याखाली हात धरून उभा राहिला. तलावात पंचवीस मिनिटं पळवली. गप्प.

आणि तरीही

खरं तर इथं लेख संपायला हवा होता. पण मी त्या दिवशी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो, कारण एक प्रश्न सुटला नव्हता. मीठ मालवणचं, पण एवढी माती पंपात आली कुठून? शिवसागराचं पाणी मार्चमध्ये नितळ असतं. तळ दिसतो.

पाच वाजता गर्दी वाढली आणि उत्तर समोर आलं. कोयना धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी धक्क्याच्या पायऱ्यांना लागतं, खाली चांगली खोली असते. वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडत जातात तसं ते उतरतं, आणि फेब्रुवारीनंतर काठ दर आठवड्याला पुढं सरकतो. धक्का वर कोरडा राहतो आणि मधे नुसती उघडी पडलेली चिखलाची उतरण. पर्यटकांना खोल पाण्यात उतरावं लागू नये म्हणून पोरं स्कूटर अगदी गुडघ्याएवढ्या पाण्यात आणून उभी करत होती, तिथंच माणसं चढवत होती आणि तिथंच थ्रॉटल देत होती. सुरू झाली की मागं तांबड्या पाण्याचा लोट उठायचा. परत येताना शेवटचे दहा फूट जोर देऊन स्कूटर चिखलावर चढवायची, म्हणजे बांधायला सोपी. दिवसाला तीस-चाळीस वेळा.

पंप तळाचं पाणी ओढतो. तीन माणसं बसली की स्कूटर आणखी खाली बसते. गुडघाभर पाण्यात जाळी आणि चिखल यांच्यात वीतभरही अंतर उरत नाही. आत जाते ती वाळू रिंग घासते, आणि माती त्या भोकातून इंजिनात जाते. म्हणजे आम्ही दोघंही, शहरातला मिस्त्री आणि मी, बिघाड इंजिनात शोधत होतो आणि तो काठावर तयार होत होता. नवी रिंग महिनाभरात तशीच झाली असती.

मॅन्युअलमध्ये कमीत कमी खोली दिलेली असते. कुठं ६० सेंटिमीटर, कुठं ९०. मी ९० धरायला सांगतो, कारण आपला तळ मऊ आहे आणि बुडालेल्या झाडांची खोडंही आहेत. साधारण कमरेएवढं पाणी. तिथपर्यंत स्कूटर हातानं ढकलत न्यायची, तिथं चालू करायची, आणि येतानाही तिथंच बंद करून हातानं काठाला आणायची.

तात्या आधी नाराज झाले. "मिस्त्री, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरत्यात व्हय? बायामाणसं असत्यात, ल्हान पोरं असत्यात." त्यांचं बरोबर होतं, गिऱ्हाईक तुटलं तर चांगलं इंजिन काय कामाचं. मग प्लास्टिकच्या रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधून तरंगता लहान धक्का केला. दोरीनं काठाला, दगडानं तळाला. पाणी उतरेल तसा पुढं ओढता येतो. माणसं कोरड्या पायानं स्कूटरपर्यंत जायला लागली, आणि लाईफ जॅकेट तिथंच घालून घ्यायची सोयही झाली.

सांगलीकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट मधेच सांगतो. २०१९ च्या महापुरापासून कृष्णाकाठच्या अनेक गावांत बचावाच्या रबरी बोटी आणि मागं लावायची इंजिनं आली आहेत. त्यांची रचना वेगळी. खालच्या पायात रबरी पात्यांचा छोटा वॉटर पंप असतो आणि तो कोरडा फिरला की पाती लगेच भाजतात. वर्ष-दोन वर्षं कोपऱ्यात पडून राहिल्यावर ती पाती वाकलेलीच कडक होतात. पण धार तीच आणि नियमही तोच. इंजिन चालू केल्यावर मागून धार पडत नसेल तर बंद करा. पुराचं पाणी तर निव्वळ गाळ असतं, आणि जलपर्णी वेगळीच. जूनच्या आधी एकदा पिंपात पाणी भरून त्यात इंजिन चालवून बघा आणि पाती जुनी असतील तर बदला. ज्या दिवशी ती बोट लागते त्या दिवशी काठावर कुणाची तरी आई माडीवर अडकलेली असते.

परत तात्यांकडे. त्यानंतर आम्ही रोजचा शिरस्ता ठरवला. संध्याकाळी शेवटच्या फेरीनंतर पाईप लावून तीन मिनिटं पाणी फिरवायचं. गोड्या तलावात मीठ नसतं म्हणून याची गरज नाही असं पोरांना वाटायचं, पहिल्याच संध्याकाळी धारेतून गढूळ पाणी आल्यावर त्यांना पटलं. दर सोमवारी जाळीतून टॉर्चनं रिंग बघायची. पावसाळ्यासाठी स्कूटर वर काढायच्या आधी सगळ्या नळ्या सोडून वाट कोरडी करायची, कारण चार महिने आत राहिलेला ओला चिखल ऑक्टोबरात दगड होऊन भेटतो.

तरंगत्या धक्क्याच्या पुढं आम्ही एक बांबू रोवला. तळापासून ९० सेंटिमीटरवर लाल रंगाचा पट्टा. पट्टा पाण्याखाली असेल तर चालू करायची, पट्टा वर दिसला की बांबू आणि धक्का दोन्ही पुढं न्यायचे. मेअखेरपर्यंत तो चार वेळा हलवावा लागला. तात्यांचा फोन मधे एकदाच आला, बांबूचा रंग उडालाय, ऑइलपेंट कोणता घेऊ म्हणून.